परदेशी जाताना काढलेला विमा साथीच्या आजारात खरंच उपयोगी पडतो का?

जानेवारी 2022 मधली गोष्ट. माझे अब्बा आणि अम्मी शारजाला माझ्या धाकट्या भावाकडे गेले होते. नातीचा अकीका होता, त्यात दोन वर्षं मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. अब्बांचं वय तेव्हा 68, शुगर पंधरा वर्षांची. 20 डिसेंबरला निघाले, 18 जानेवारीचं परतीचं तिकीट होतं. 9 तारखेला अब्बांना ताप आला, 11 तारखेला ऑक्सिजन कमी होऊ लागला म्हणून भावाने त्यांना खाजगी हॉस्पिटलात दाखल केलं. कोविड निघाला.

सहा दिवसांनी अब्बा घरी आले, अल्हम्दुलिल्लाह. बिल झालं 31,400 दिरहम. त्या वेळच्या दराने सुमारे 6 लाख 35 हजार रुपये. भाऊ फोनवर म्हणाला, "आपा, इन्शुरन्स काढलाय ना, मग टेन्शन कसलं?" इन्शुरन्स होता. तिकीट काढणाऱ्या एजंटानेच काढून दिला होता, दोघांचे मिळून 2,340 रुपये, प्रत्येकी 50,000 डॉलरचं संरक्षण. आम्ही निर्धास्त होतो.

दीड महिन्याने कंपनीचा ईमेल आला. क्लेम नामंजूर. कारणं दोन. पहिलं, पॉलिसीच्या सर्वसाधारण अपवादांत 'जाहीर झालेल्या साथीमुळे किंवा महामारीमुळे उद्भवलेला कोणताही खर्च' असं लिहिलेलं आहे. दुसरं, अर्जात 'आधीपासून कोणताही आजार आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' असं उत्तर आहे. ते 'नाही' एजंटाने भरलं होतं. आम्हाला त्याने विचारलंही नव्हतं. त्याच कंपनीची कोविड धरून असलेली पॉलिसी काही शे रुपये जास्त देऊन मिळत होती, हेही नंतर कळलं.

मी शाळेत मुलांना सांगते, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका. आणि घरच्या माणसांच्या जिवाशी संबंध असलेला कागद मी स्वतः उघडूनही बघितला नव्हता. त्यानंतर मात्र असे कागद वाचायची सवय लागली. आमच्या खेड-चिपळूण भागात घरटी एक माणूस आखातात असतो, उमऱ्याला तर आता वर्षभर लोक जातात. जाण्याआधी ओळखीपाळखीचे लोक पॉलिसी घेऊन माझ्याकडे येतात, "टीचर, जरा बघा ना." त्या बघण्यातून जे समजलं ते इथे लिहिते आहे.

आधी कुठला कागद वाचायचा?

एजंट आपल्याला देतो तो एक-दोन पानांचा दाखला. त्यावर नाव, पासपोर्ट नंबर, तारखा आणि ठळक अक्षरांत डॉलरचा आकडा. त्यावरून काहीच कळत नाही. खरा करार म्हणजे 'पॉलिसी वर्डिंग' नावाचं तीस-चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक. ते कंपनीच्या वेबसाइटवर असतं, एजंटाकडे मागितलं तर त्याला द्यावं लागतं. मोबाइलवर ते उघडून शोधाच्या चौकटीत 'एपिडेमिक', 'पॅन्डेमिक' आणि 'क्वारंटाइन' हे तीन शब्द इंग्रजीत टाइप करा. घरात दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. हे शब्द जिथे जिथे येतील ते वाक्य पूर्ण वाचा आणि वर कोणतं शीर्षक आहे ते बघा. फायद्यांच्या यादीत आहे की अपवादांच्या, यावर सगळं ठरतं.

असं शोधल्यावर तीन प्रकार दिसतात. काही पॉलिसींत महामारी सरळ अपवादांत असते, आमच्यासारखी. काहींत कोविडचा उल्लेख करून तो धरलेला असतो. आणि काही पॉलिसी गप्प असतात, शब्दच सापडत नाही. गप्प पॉलिसी तशी वाईट नाही, कारण जे वगळलेलं नाही ते आजारपण म्हणून धरलं जावं असा दावा करता येतो. पण आजारपणात दावे करत बसायची ताकद कोणात असते? म्हणून कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं, त्याबद्दल पुढे सांगते.

'कोविड धरला आहे' एवढ्यावर थांबू नका

इथे बहुतेक जण फसतात. दुकानातला माणूस म्हणतो, "मॅडम, यात कोविड कव्हर आहे." आपण समजतो की महामारीचा प्रश्न मिटला. पण वाक्य नीट वाचलं तर कधी कधी असं निघतं की फक्त कोविड-19 या एकाच आजाराला सूट दिलेली आहे आणि बाकी सर्व जाहीर साथी अपवादांत तशाच बसलेल्या आहेत. म्हणजे गेलेल्या महामारीसाठी विमा आहे, येणाऱ्या महामारीसाठी नाही. आज कोविडने गंभीर होऊन परदेशात हॉस्पिटलात पडण्याची भीती 2021 इतकी राहिलेली नाही. भीती आहे ती नवीन काही निघण्याची.

आणि नवीन काही निघत असतं. 2009 च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महामारी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, ते मास्क लावलेले दिवस अनेकांना आठवत असतील. 2012 मध्ये सौदी अरबमध्ये मर्स हा आजार पहिल्यांदा सापडला. तोही कोरोना जातीचाच विषाणू, उंटांकडून माणसाकडे येणारा, म्हणून हज-उमऱ्याला गेलेल्यांना उंटांपासून लांब राहा असं सांगतात. ऑगस्ट 2024 मध्ये एमपॉक्सची आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली, ती सप्टेंबर 2025 मध्ये उठली. यातला मर्स कधीच महामारी ठरला नाही, पण 'एपिडेमिक' या शब्दात तो सहज बसवता येतो. पॉलिसीत नुसतं 'पॅन्डेमिक' वगळलं आहे की 'एपिडेमिक'ही, याचा फरक मोठा आहे. दुसरा शब्द कितीतरी जास्त आजारांना दाराबाहेर ठेवतो.

मग 'जाहीर झालेली' म्हणजे कोणी, कधी जाहीर केलेली? हाही प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. कोविडच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली 30 जानेवारी 2020 ला. महामारी हा शब्द वापरला 11 मार्च 2020 ला. मध्ये 41 दिवस. या दिवसांत जो आजारी पडला त्याच्या पॉलिसीत 'आणीबाणी' लिहिलं होतं की 'महामारी', यावर निकाल वेगळा लागू शकत होता. गंमत म्हणजे तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत 'महामारी' अशी वेगळी पायरीच नव्हती. 2024 मध्ये ते नियम दुरुस्त झाले आणि 19 सप्टेंबर 2025 पासून 'महामारीची आणीबाणी' ही एक औपचारिक पायरी त्यांत आली. आपल्याला हे सगळं पाठ करायचं नाही. एवढंच बघायचं की आपल्या कागदावर कोणत्या संस्थेच्या कोणत्या घोषणेचा उल्लेख आहे, आणि घोषणेआधी पॉलिसी घेतलेल्याला संरक्षण राहतं का. काही कंपन्या घोषणेची तारीख आणि पॉलिसी घेतल्याची तारीख यांची तुलना करतात. घोषणेनंतर घेतलीत, तर तुम्हाला धोका माहीत होता असं त्यांचं म्हणणं असतं.

याच्याच शेजारी आणखी एक कलम असतं, सरकारने 'जाऊ नका' असं सांगितलेल्या देशात गेलात तर जबाबदारी तुमची. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस आपल्या आरोग्य मंत्रालयाने इराण, इटली आणि कोरियाला गरज नसताना जाऊ नये असं सांगितलं. जियारतीसाठी आधीच कोममध्ये असलेले भारतीय तिथे अडकले, त्यांना आणायला मार्चमध्ये विमानं पाठवावी लागली. जे सूचनेआधी पोचले होते आणि जे सूचनेनंतरही निघाले असते, त्यांच्यात विमा कंपनी फरक करते. तेव्हा निघायच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघून घ्या आणि सूचना नव्हती हे दाखवायला त्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. फार काळजी वाटेल, पण एका बोटाचं काम आहे.

हॉस्पिटल, आणि हॉस्पिटल नसलेला खर्च

आमच्या प्रकरणात अब्बांच्या बिलाकडेच सगळ्यांचं लक्ष होतं. पण अम्मीची गोष्ट वेगळी होती. तिला काही त्रास नव्हता, फक्त टेस्ट पॉझिटिव्ह. त्या दिवसांत भारतात परतायला 72 तासांच्या आतली निगेटिव्ह टेस्ट लागायची. त्यामुळे 18 तारखेचं तिकीट दोघांचंही गेलं. नवीन तिकिटं, पुन्हा पुन्हा टेस्ट, आणि पॉलिसीची मुदत 18 लाच संपलेली. पुढचे दहा दिवस ते दोघे कोणत्याही संरक्षणाशिवाय तिथे होते, त्यातले अब्बा नुकतेच ऑक्सिजनवरून उतरलेले. मला झोप लागत नव्हती.

म्हणून महामारीचा खर्च म्हणजे फक्त औषधपाणी नाही, हे लक्षात घ्या. आजारी नसताना सक्तीने वेगळं राहावं लागलं तर हॉटेलचा खर्च कोण देणार? बहुतेक पॉलिसींत उपचाराचा खर्च 'डॉक्टरने आवश्यक ठरवून दाखल केलं तर' असा असतो. लक्षणं नसलेल्या माणसाचा क्वारंटाइन त्यात बसत नाही. तो वेगळा फायदा म्हणून लिहिलेला असला तरच मिळतो. जुलै 2020 मध्ये एमिरेट्स या विमान कंपनीने आपल्या प्रवाशांना फुकट कोविड संरक्षण दिलं, त्यात उपचारासाठी दीड लाख युरोपर्यंत आणि क्वारंटाइनसाठी दिवसाला 100 युरो 14 दिवसांपर्यंत, असे दोन आकडे वेगळे दिले होते. नीट लिहिलेलं संरक्षण असं दिसतं. तुमच्या कागदावर क्वारंटाइनपुढे रोजचा आकडा आणि दिवस नसतील तर ते नाही असंच समजा.

मुदतवाढीचंही तसंच. आजारपणामुळे किंवा विमानं बंद झाल्यामुळे परतता आलं नाही तर पॉलिसी आपोआप किती दिवस वाढते हे काही पॉलिसींत लिहिलेलं असतं. काहींत मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि त्या काळात क्लेम झालेला असेल तर वाढवून देत नाहीत. आपण साधारण तिकिटाच्या तारखेपर्यंतच विमा घेतो. दहा-पंधरा दिवस जास्तीचे घ्या. थोडे रुपये वाढतात, पण मार्च 2020 मध्ये आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली ती नियमित सुरू व्हायला मार्च 2022 उजाडला होता, हे विसरू नका.

आता एक जड विषय. मौत. आपण बोलायचं टाळतो, पण पॉलिसीत त्याचं कलम असतं. मय्यत मायदेशी आणण्याचा खर्च किंवा तिथेच दफन करण्याचा खर्च, ठराविक रकमेपर्यंत. कोविडच्या पहिल्या वर्षी आखातात वारलेल्या कोकणातल्या कित्येकांचं दफन तिथेच झालं, घरच्यांनी जनाजाही मोबाइलवर पाहिला. तिथे दफन करण्याचा खर्चही धरला आहे का हे बघून घ्या. काही पॉलिसींत फक्त मय्यत आणण्याचाच खर्च असतो. आणि महामारीचा अपवाद या कलमालाही लागू होतो का, तेही बघा.

मोठ्या आकड्याच्या आत लपलेले छोटे आकडे

50,000 डॉलर हा आकडा वाचून आपले डोळे दिपतात. पण साठीच्या पुढच्या माणसांसाठी अनेक पॉलिसींत आत मर्यादा असतात. खोलीचं भाडं दिवसाला अमुक, आयसीयू अमुक, डॉक्टरची भेट अमुक, ऑपरेशन अमुक. यालाच सब-लिमिट म्हणतात. महामारीसाठी तर कधी कधी स्वतंत्र मर्यादा असते. एकूण रक्कम 50,000 असली तरी कोविडपुढे त्याच्या पाचवा हिस्साही नसू शकतो. शिवाय डिडक्टिबल असतं, म्हणजे प्रत्येक क्लेममधले पहिले शंभर-दोनशे डॉलर आपले. ते सहन होतं. सब-लिमिट सहन होत नाही, कारण ती बिल हातात आल्यावरच समजते. आईवडिलांसाठी घेत असाल तर 'सब-लिमिट नसलेली' पॉलिसी मागा. महाग पडते. माझ्या मते रक्कम थोडी कमी घ्यावी पण सब-लिमिट नसलेली घ्यावी. मात्र अमेरिका आणि कॅनडाला जायचं असेल तर रक्कमही मोठीच हवी, तिथल्या हॉस्पिटलचे दर आपल्या अंदाजापलीकडचे आहेत.

शुगर, बीपी, दमा लपवू नका. 'सांगितलं तर प्रीमियम वाढेल' असं एजंट म्हणतो. वाढू दे. साथीच्या आजारात जिवावर बेततं ते बहुधा आधीपासून आजार असलेल्यांच्याच, आणि कंपनी नेमकं तेच धरते. न्यूमोनिया साथीने झाला की शुगरमुळे बिघडला, हा वाद अर्जात 'हो' लिहिलं असेल तर लढता येतो, 'नाही' लिहिलं असेल तर नाही. इतकंही बघा की सांगितलेल्या जुन्या आजारावर किती रक्कम मिळते. बऱ्याच पॉलिसी तो फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगात, तेही मर्यादेत धरतात. अर्ज स्वतः भरा, किंवा एजंटाने भरला तर पैसे देण्याआधी त्याची प्रत वाचा.

उमऱ्याचा व्हिसा, युरोपचा व्हिसा, मुलाच्या कंपनीचा विमा

उमऱ्याला जाणारे म्हणतात, "आमचा विमा व्हिसातच असतो." खरं आहे. उमऱ्याच्या व्हिसाबरोबर सौदीतला विमा येतो. 2022 मध्ये तिथल्या हज आणि उमरा मंत्रालयाने त्याची मर्यादा एक लाख रियालपर्यंत असल्याचं आणि त्यात तातडीचे उपचार, कोविड, अपघात, मृत्यू, विमानाचा उशीर धरल्याचं सांगितलं होतं. चांगली गोष्ट आहे. पण तो विमा तातडीच्या प्रसंगासाठी आहे, तुमच्या जुन्या आजाराच्या नेहमीच्या उपचारांसाठी नाही. आणि तो सौदीपुरता आहे. वाटेत दुबईत किंवा इस्तंबूलला दोन दिवस थांबणार असाल, उमऱ्यानंतर मुलाकडे कतारला जाणार असाल, तर तिथे तो चालणार नाही. टूरवाल्याकडून व्हिसाबरोबर विम्याचा कागदही मागा आणि त्यावरचा मदतीचा फोन नंबर लिहून ठेवा. हजला गेलेल्यांसाठी भारताचं वैद्यकीय पथक मक्का-मदिनेत दवाखाने चालवतं, तो आधार वेगळा. उमऱ्याला तो गृहीत धरू नका.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मुलगी जर्मनीत शिकते म्हणून तिला भेटायला जाणारे पालक आता आपल्यातही आहेत. दूतावास ती किमान रक्कम, मायदेशी परत आणण्याचा खर्च वगैरे बघतो. महामारी धरली आहे का, हे त्या नियमात लिहिलेलं नाही. व्हिसाला चाललेली पॉलिसी साथीत चालेलच असं नाही. उलट काही देशांनी कोविडच्या काळात स्वतःहून अट घातली होती. सिंगापूरने 2021 मध्ये थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना कोविडसाठी किमान 30,000 सिंगापूर डॉलरचा विमा मागितला, थायलंडने त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दार उघडलं तेव्हा 50,000 अमेरिकन डॉलरचा. पुन्हा तशी वेळ आली तर व्हिसाचे नियम रातोरात बदलतात, तेव्हा तिकिटाआधी ते बघा.

मुलाच्या नोकरीतला विमा सहसा मुलगा, सून आणि नातवंडं यांच्यापुरता असतो. व्हिजिट व्हिसावर आलेले आईवडील त्यात नसतात. आणि इथली मेडिक्लेम? ती बहुतेक वेळा भारतातल्या हॉस्पिटलांपुरती. जुलै 2020 मध्ये आलेली 'कोरोना कवच' पॉलिसी पुष्कळांनी घेतली होती, तीही भारतातल्या उपचारांसाठीच होती. परदेश प्रवासाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती भारतातून निघण्याआधीच घ्यावी लागते. तिथे पोचल्यावर मिळत नाही.

विमा जायज आहे का, असं काही वाचक विचारतील. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. सौदीतल्या विमा कंपन्या 2003 च्या कायद्याने सहकारी पद्धतीवर चालतात, आपल्याकडे तसा तकाफुल मिळत नाही. जिथे व्हिसासाठी विमा सक्तीचा आहे तिथे उलेमा काय सांगतात हे आपल्या आलिम साहेबांना विचारा. पण विमा घ्यायचाच ठरवलात, तर पैसे देऊन निरुपयोगी कागद घेण्यात कोणाचंच भलं नाही.

लेखी विचारा, लेखी घ्या

पॉलिसी निवडल्यावर पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. एजंटाला नाही, कंपनीला. मी हल्ली लोकांना साधारण असा मजकूर लिहून देते: 'माझे वडील, वय अमुक, मधुमेह आहे, अमुक तारखेपासून अमुक देशात चालले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने साथ किंवा महामारी जाहीर केलेल्या कोणत्याही आजारामुळे, तो कोविड असो वा नवीन, त्यांना तिथे हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर तुमची अमुक पॉलिसी खर्च देईल का? किती रकमेपर्यंत? त्यांच्या वयाला सब-लिमिट आहे का? दाखल न होता क्वारंटाइन झालं तर काय मिळेल? परतणं लांबलं तर मुदत किती वाढेल? पॉलिसीतलं कोणतं कलम लागू आहे ते कळवावं.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कलमाचा नंबर मागितला की उत्तर देणाऱ्यालाही कागद उघडावा लागतो. तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही किंवा 'अटी व शर्ती लागू' एवढंच आलं, तर दुसरी कंपनी बघा. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या चाचींसाठी तीन कंपन्यांना लिहिलं होतं, सरळ उत्तर एकीनेच दिलं.

तिथे आजारी पडलात तर दाखल होण्याआधी, निदान 24 तासांच्या आत, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा. बऱ्याच ठिकाणी त्यांच्याशी जोडलेलं हॉस्पिटल असलं तरच पैसे न भरता उपचार होतात. फोन मुलाने करायचा असेल तर पॉलिसीची प्रत त्याच्याकडे आधीच व्हॉट्सअपवर पाठवलेली असू द्या. सुट्टी मिळताना डिस्चार्जचा कागद, टेस्टचा रिपोर्ट, प्रत्येक बाबीचं वेगळं बिल आणि पावत्या घ्या. सौदीत कागद अरबीत मिळू शकतात, तेव्हा इंग्रजी प्रत तिथेच मागून घ्या. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पासही जपा. अब्बांचे बोर्डिंग पास अम्मीने विमानातच टाकून दिले होते.

क्लेम नाकारला तर

आमचा क्लेम नाकारल्यावर आम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, नंतर विमा लोकपालाकडे गेलो. एवढं खरं सांगते की आम्ही हरलो. महामारीचा अपवाद कागदावर स्पष्ट होता, पान नऊवर. लोकपाल करार बदलू शकत नाही, करार पाळला गेला का एवढंच बघू शकतो. पण ज्यांच्या कागदावर शब्द त्यांच्या बाजूने आहेत त्यांच्यासाठी ही वाट चांगली आहे.

क्रम असा. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, किंवा 155255 या नंबरवर फोन करता येतो. कंपनीने नाकारलं, किंवा महिन्याभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, 50 लाख रुपयांपर्यंतचं प्रकरण ते ऐकतात. मात्र कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. म्हणून फोनवर कोणी "नाही मिळणार" म्हणालं तर त्याला म्हणा, हेच मला ईमेलवर तारखेसह आणि कलमाच्या नंबरासह पाठवा.